सोलनची अळंबी व आमचा पेंढा

हिमालयाकडे निघालेल्या माणसास ‘कोठे?’ म्हणून विचारले असता त्याने बदरीकेदाराचे, निदान सिमल्याचे तरी नाव घ्यावे, अशी रीत आहे. २०२४ साली दसरा आटोपून आम्ही तिकडे निघालो तेव्हा आप्तेष्टांनी आम्हांसही हाच प्रश्न केला. ‘पेंढा कसा वाफवितात ते पाहण्यास’ हे आमचे उत्तर ऐकून कित्येकांनी तो विनोद समजून हसण्यावारी नेला, व एकदोघांनी आमच्या प्रकृतीची चौकशी केली. परंतु उत्तर अक्षरशः खरे होते, व ते खरे का होते हे प्रथम सांगितले पाहिजे.

राजापूर तालुक्यात आमचे मूळ घर आहे. घर मोठे, राहणारी माणसे मात्र अलीकडे दोनच. एक आमच्या वडील भगिनी, ज्यांना सारे घर अक्का म्हणते, आणि दुसरा आमचा पुतण्या. अक्कांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली आहे. पुतण्याची पुण्यातील नोकरी सुटली तेव्हा तो दुसरी पाहण्याऐवजी घरी परत आला आणि भातशेतीच्या जोडीला अळंबी लावण्याचे त्याने मनावर घेतले. हेतू चांगला, पेंढा घरचा, जागा मुबलक. श्रावणात त्याने धिंगरी अळंबीच्या चाळीस पिशव्या भरल्या. आठव्या दिवशी त्यांवर हिरवे डाग दिसू लागले. बाराव्या दिवशी चाळीसच्या चाळीस पिशव्या शेवाळलेल्या भिंतीसारख्या हिरव्या झाल्या, आणि गणपतीला आम्ही सर्व मंडळी जमलो तेव्हा त्या खताच्या खड्ड्यात पडलेल्या होत्या.

त्या गणपतीतच घराचा विषय निघाला. धाकट्या बंधूंचे म्हणणे, एका मुलाच्या प्रयोगासाठी एवढे घर उघडे ठेवणे परवडण्यासारखे नाही. शिमग्यापर्यंत काही जम बसला तर ठीक, नाहीतर घरास कुलूप लावून अक्कांनी पुण्यास सदनिकेत यावे. अक्का काही बोलल्या नाहीत. त्या उठून मागील दारी गेल्या व नेहमीच्या वेळेच्या पुष्कळ आधी त्यांनी न्हाणीची चूल पेटविली.

अळंबी या वस्तूविषयी अक्कांचे मत काही अनुकूल नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण व कांदा यांच्या पंक्तीसच कवक बसविले आहे, व आमच्या घरात पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी कुळवाडी मंडळी आनंदाने घेऊन जात, तरी ती उंबऱ्याच्या आत कधी आली नाहीत. कांदा मात्र चातुर्मास सोडून आमच्या वडिलांच्याच हयातीत आत आला, हे आम्ही एकदा सुचवून पाहिले. त्यावर ‘कांद्यानं घर चालवायला कुणी निघालं नव्हतं’ एवढेच उत्तर मिळाले.

असो. चूक कोठे झाली हे शोधल्यावाचून दुसऱ्यांदा हात घालण्यात अर्थ नव्हता. पुतण्याने सोलन येथील अळंबी संशोधन संचालनालयाची माहिती मिळविली होती. एकट्याने जाण्यास तो संकोचत होता, म्हणून आम्ही उभयतांनी त्याच्यासमवेत निघण्याचे ठरविले.

दिल्लीपर्यंतचा प्रवास सर्वांच्या परिचयाचा असल्याने त्याविषयी लिहीत नाही. खरी मौज कालक्यापासून सुरू होते. तेथून सिमल्यास जाणारी अरुंद मापाची आगगाडी १९०३ साली सुरू झाली व २००८ साली जागतिक वारशात तिची गणना झाली. गाडी इतक्या सावकाश व इतक्या वळणांनी चढते की, आपलाच शेवटचा डबा पलीकडच्या कड्यावरून आपल्याकडे पाहत असतो. सोलन येईपर्यंत आमच्या सौ. ने बोगदे मोजण्याचा संकल्प सोडला होता; विसानंतर तिचा हिशेब चुकला. सोलनच्या अलीकडचा बरोगचा बोगदा तेहतिसावा व साऱ्या मार्गात लांब, म्हणजे सव्वा अकराशे मीटरांहून अधिक आहे. बाहेर पडताच चीड वृक्षांचा वास व थंड वारा एकदम अंगावर येतो, आणि थोड्याच वेळात सोलन लागते.

गावाचे नाव शूलिनी देवीवरून पडले. बघाट नावाच्या लहानशा संस्थानाची ही राजधानी होती. सुमारे दीड हजार मीटर उंची, ना सिमल्याची हुडहुडी ना मैदानाचा ताप. या हवेमुळेच येथे अळंबी रुजली. १९६१ साली अळंबीच्या लागवडीची योजना येथे हाती घेण्यात आली, १९८३ साली राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले, व १९९७ च्या १० सप्टेंबरला सोलन हे भारताचे अळंबीनगर म्हणून घोषित झाले. दरवर्षी त्या तारखेस येथे अळंबीचा मेळा भरतो. बाजारात टोमॅटो व भोपळी मिरचीच्या शेजारी पांढऱ्या बटण अळंबीच्या डब्यांची चळत लागलेली असते आणि कोणी तिच्याकडे कुतूहलाने पाहतही नाही. आपल्याकडे लिंबे विकावीत तशी ती विकतात.

संचालनालय गावाला लागूनच चंबाघाटात आहे. तेथे आम्ही प्रथम जे पाहिले ते नाकाने पाहिले असे म्हटले पाहिजे. बटण अळंबीस गव्हाचा भुसा, कोंडा, कोंबडीखत व जिप्सम यांचे कंपोस्ट लागते, आणि त्याचा ढीग कुजताना सुटणारा अमोनिया डोळ्यांत पाणी आणतो. (कोंबडीखताची गोष्ट अक्कांच्या कानी घालावयाची नाही, हे आम्ही त्याच ठिकाणी ठरविले.) या ढिगाखाली कोणी विस्तव घालीत नाही, तरी त्याच्या पोटात ७० अंशांहून अधिक उष्णता आपोआप चढते; असंख्य सूक्ष्म जीव तो भुसा खात असतात, त्यांच्या जठराग्नीची ही ऊब. जुन्या पद्धतीत हा ढीग पुनःपुन्हा उलथीत अठ्ठावीस दिवस काढतात. नव्या पद्धतीत थोड्या दिवसांनी कंपोस्ट एका बंद दालनात भरतात, खालून हवा खेळवितात, सहा ते आठ तास ५७ ते ६० अंशांवर ठेवितात व नंतर अमोनियाचा वास पूर्ण जाईपर्यंत ४५ ते ५० अंशांवर निववितात. या दालनास तेथे बोगदाच म्हणतात. ‘म्हणजे आणखी एक मोजायचा राहिला होता,’ असे आमची सौ. म्हणाली.

या क्रियेस पाश्चरीकरण म्हणतात, आणि आमच्या पुतण्याचा सारा घोटाळा या एका शब्दात होता. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात द्राक्षाचे मद्य आंबट होऊ नये म्हणून ते उकळू न देता केवळ पन्नास-साठ अंशांपर्यंत तापविण्याची युक्ती काढली. दुधाचा संबंध पुढे आला. त्या युक्तीचे मर्म हे की, सर्व काही मारावयाचे नाही. नेमके जे उपद्रवी तेवढेच हटवावयाचे. पेंढ्यातील हिरव्या बुरशीचे बीज, माशांची अंडी, सूत्रकृमी हे सर्व साठ-सत्तर अंशांवर काही काळ राहिले की पुष्कळसे नष्ट होतात. परंतु उष्णता सोसणारे कित्येक निरुपद्रवी जंतू जिवंत राहतात, आणि ते जागा अडवून बसतात म्हणून नव्या बुरशीस सहज शिरकाव मिळत नाही. तोच पेंढा तासन्‌तास खळखळा उकळला तर त्यातील साखर व सत्त्व सुटून वर येते, पहारेकरी मरतात, आणि मग असे निर्जंतुक व गोड अन्न ओटीवर उघडे टाकले की हवेतील पहिला येणारा पाहुणा त्यावर बसतो. तो पाहुणा बहुधा हिरवी बुरशीच असते.

पुतण्याने नेमके हेच केले होते. तीन तास उकळणे, रात्रभर ओटीवर पंख्याखाली पसरणे. शिवाय पेंढा गेल्या सालचा, गोठ्याच्या माळ्यावर पावसाने दमट झालेला. हे ऐकताना त्याचा चेहरा पडला. पण आम्हांस उलट बरे वाटले. कारणे सापडली, की ती दूर करता येतात.

तथापि बोगद्यासारखे दालन आम्ही कोठून आणणार? हे उत्तर संस्थेत नव्हे, तर गावाखालच्या एका शेतकऱ्याच्या घरी मिळाले. तेथे पोहोचावयास डोंगरउताराच्या पायऱ्यांसारख्या शेतांतून उतरावे लागते. घरची वृद्ध गृहिणी, जिला सर्व माताजी म्हणत, परसात एका तेलाच्या पिंपापाशी बसली होती. दोनशे लिटरांचे पिंप घासून स्वच्छ केलेले. तळाशी तीन विटा, विटांवर लोखंडी जाळी, जाळीखाली वीतभर पाणी, व जाळीवर आदल्या दिवशी भिजवून निथळविलेल्या भुशाची गोणपाटाची पोती. वर झाकण, झाकणावर ओले पोते. पिंपाखाली लाकडाचा मंद जाळ. झाकणास एक भोक, आणि त्यातून एक लांब दांड्याचा उष्णतामापक थेट पोत्याच्या पोटात खोचलेला.

माताजींचे हिंदी पहाडी वळणाचे होते व आमचे मराठी वळणाचे, तरी बोलणे छान जुळले. त्यांचे म्हणणे असे की, नवखा माणूस पाण्यास कढ आला की वेळ मोजू लागतो आणि फसतो. वाफ बाहेर आली म्हणून पोत्याचे पोट तापले असे नव्हे. भुसा म्हणजे रजईच, उष्णता आत शिरू देत नाही व शिरली की बाहेर सोडीत नाही. पोटात ६५ अंश दिसतील तेव्हापासून घड्याळ लावायचे, सत्तराच्या फार वर जाऊ द्यायचे नाही, आणि असे सहा तास. मग जाळ ओढून घ्यायचा व पिंप सकाळपर्यंत उघडायचे नाही. आम्ही विचारले, सहा तास येथे बसून राहायचे? त्या म्हणाल्या, बसून का, भाजी निवडता येते, विणता येते. त्यांच्या मांडीवर खरोखरच अर्धे विणलेले लोकरीचे मोजे होते.

सकाळी पोते उघडताना आम्ही मुद्दाम पुन्हा गेलो. भुशाचा रंग सोन्यासारखा झाला होता व वास ताज्या भाकरीच्या जवळचा येत होता. माताजींनी मूठभर भुसा घेऊन घट्ट पिळला. पाण्याचा थेंब पडला नाही, तळहात मात्र ओला झाला. ही ओलीची परीक्षा. मग सर्वांनी हात साबणाने धुतले, दार लावून घेतले आणि पिशव्या भरण्यास आरंभ झाला. भुशाचा एक थर, कडेने थोडे बियाणे, पुन्हा थर. बियाणे म्हणजे गव्हाच्या शिजविलेल्या दाण्यांवर वाढविलेली अळंबीची पांढरी बुरशी. ओल्या भुशाच्या शेकडा दोन ते तीन भाग ते पुरते.

या पद्धतीवाचूनही मार्ग आहेत, ते थोडक्यात सांगतो. संस्थांतून शिकविला जाणारा एक रासायनिक मार्ग आहे: नव्वद लिटर पाण्यात दहा किलो भुसा, त्यात सात ग्रॅम कार्बेन्डाझिम व सव्वाशे मिलिलिटर फॉर्मॅलिन घालून अठरा तास झाकून ठेवणे. इंधन लागत नाही, यश चांगले येते. पण फॉर्मॅलिनचा वास ज्याने एकदा घेतला तो ती बाटली मुलाबाळांच्या घरात आणणार नाही, निदान आम्ही आणणार नाही. दुसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा. विरलेला चुना थंड पाण्यात कालवून त्यात पेंढा बारा ते अठरा तास बुडवावा. पाण्याचा सामू बाराच्या आसपास चढतो व तो बुरशीस सोसत नाही. जेथे सरपण दुर्मीळ तेथे हा उत्तम, मात्र हातांस चुना लागून कातडी सोलते हे ध्यानी धरावे. परदेशचे हौशी लोक तर नारळाच्या काथ्याचा भुसा झाकणाच्या बादलीत घालून वरून कढत पाणी ओततात आणि रात्रभर निवू देतात. कोकणात काथ्यास तोटा नाही म्हणून पुतण्या हुरळला होता. परंतु काथ्यात अन्न थोडे, धिंगरीला नुसत्या काथ्यावर जोर येत नाही, असे तेथील जाणत्यांनी त्यास समजाविले. भाताचा पेंढा असताना काथ्यामागे कशाला लागायचे? म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेत १९६२ सालीच भाताच्या पेंढ्यावर धिंगरीच्या जातीची अळंबी वाढवून पाहिली होती.

परतीच्या वाटेवर बियाण्यासाठी पुण्यास थांबलो. देशभरच्या समन्वित अळंबी योजनेचे एक केंद्र १९८३ पासून पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आहे, हे आम्हांस सोलनला जाऊन कळले! काखेत कळसा म्हणतात तो असा.

कार्तिकात आम्ही राजापुरास पोहोचलो. भात झोडून झाले होते व नवा पेंढा खळ्यात उन्हाने कडकडीत वाळलेला होता. पिंप नव्हते. पुतण्या ते आणावयास निघाला, तेव्हा अक्कांनी इतका वेळ ऐकून घेतलेल्या साऱ्या हकिकतीवर प्रथमच तोंड उघडले.

‘पिंप कशाला? भात उकडायचा हंडा आहे की माळ्यावर.’

उकड्या तांदळाचे भात ज्यात उकडीत, तो साठ-सत्तर लिटरांचा तांब्याचा हंडा कित्येक वर्षांनी खाली आला. त्यात जाळी बसेना, म्हणून वाफेऐवजी गरम पाण्याची रीत धरली: पेंढा तीन बोटांएवढा कापून रात्रभर भिजवायचा, निथळवायचा, आणि पोत्यांत भरून ऐंशी अंशांच्या पाण्यात बुडवायचा. पेंढा गार असल्याने पाणी लगेच सत्तरापर्यंत उतरते. तेथे ते दीड तास धरून ठेवायचे. पोते तरंगते, म्हणून वर मोडक्या जात्याची तळी ठेविली, व हंड्याभोवती घोंगडी गुंडाळली. तीन घाण्यांत नऊ किलो पेंढा झाला.

अक्का चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या. सोलनच्या बाजारातून आणलेल्या उष्णतामापकाकडे त्यांनी एकदा पाहिले व पुन्हा पाहिले नाही. पाणी बारीक सळसळू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आता घाल. गायला लागलं की घालायचं, नाचायला लागेपर्यंत थांबायचं नाही.’ पुतण्याने काडी आत घालून पाहिली, ब्याऐंशी होते.

पहिला घाणा निथळून होताच पुतण्या बियाणे मिसळण्याची घाई करू लागला. पेंढा बाहेरून कोमट, आतून चांगलाच गरम होता. अक्कांनी त्याचा हात धरला. ‘अरे बाळा, कढत दुधात विरजण घालतं का कुणी? आणि दूध उघडं ठेवून निववतं का?’ त्यांनी आपले धुऊन उन्हात वाळविलेले जुने लुगडे आणून त्या पोत्यांवर घातले. सोलनमध्ये आम्ही वहीत चार पाने भरून जे उतरवून आणले होते, ते बहुतेक सगळे त्यांनी या दोन वाक्यांत सांगितले, आणि हे त्यांस गणपतीतही सांगता आले असते, जर आम्हांपैकी कोणी त्यांना विचारले असते तर. आमची सौ. रात्री आम्हांस हे बोलून दाखविण्यास विसरली नाही.

पिशव्या कोठे ठेवायच्या हा प्रश्न उरला. अंधार हवा, वारा बेताचा, आणि ऊब पंचवीस अंशांच्या आसपास. माजघरातून आत जी बाळंतिणीची खोली आहे तिची किल्ली अक्कांनी कनवटीची काढून दिली. त्या खोलीत शेवटचा जन्म झाला होता तो या पुतण्याचाच. नऊ पिशव्या शिंक्यांसारख्या दोरीने आढ्याला टांगल्या गेल्या.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही पुण्यास होतो व रोज सायंकाळी दूरध्वनीवरून एकच चौकशी करीत होतो. सहाव्या दिवशी पांढरे तंतू दिसले. नवव्या दिवशी एका पिशवीच्या तळाशी हिरवा ठिपका. ती पुतण्याने तत्काळ लांब नेऊन पुरली. तिच्यात पाणी साचले होते, मुठीची परीक्षा त्या घाण्यास घाईत राहिली होती. उरलेल्या आठ सतराव्या दिवशी पांढऱ्याफेक झाल्या. मग त्यांचे प्लास्टिक कापून काढले, भिंतींवर ओली पोती लाविली, दिवसातून तीनदा पाण्याचा शिडकावा. बाविसाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आणि पंचविसाव्या दिवशी तळहाताएवढे करडे पंखे! पहिल्या तोडीस साडेतीन किलो भरली. येथे एक इशारा देऊन ठेवतो: कडा वर वळण्याच्या आत तोडावी. एकदा उशीर झाला तर बीजकणांचा धूर खोलीत भरतो व त्याने काही माणसांस खोकला जडतो. पुतण्यास तो जडला आहे. आता तो तोंडास फडके बांधून आत जातो.

नाताळच्या सुटीत धाकटे बंधू सहकुटुंब आले, तेव्हा दुसरी खेप उभी होती, चोवीस पिशव्यांची. पुतण्याने हिशेबाची वही त्यांच्यापुढे ठेविली. राजापूरच्या बाजारातली दोन दुकाने माल घेऊ लागली होती. सरपण, बियाणे, पिशव्या वजा जाता हाती थोडेच उरत होते. घर चालवावयाचे तर महिन्यास दोनशे पिशव्या तरी हव्यात, आणि उन्हाळ्यात ही जात रुसेल, हे त्याने लपविले नाही. बंधूंनी वही दोनदा वाचली. कुलपाचा विषय त्या दिवशी त्यांनी काढला नाही. उन्हाळ्यास चालणारी एखादी जात आहे का, एवढे मात्र विचारले. दुधी अळंबी आहे, असे पुतण्याने सांगितले; तिला पस्तीस अंशही चालतात.

दुपारी ओटीवर निराळ्या चुलीवर, निराळ्या पातेल्यात धिंगरीची भाजी झाली. अक्कांनी पान घेतले नाही. त्या दारात उभ्या राहून पोरांची पाने पाहत होत्या. ‘मीठ कमी आहे,’ त्या म्हणाल्या. चाखल्यावाचून कसे कळले, असे बंधूंनी विचारले. अक्कांनी उत्तर दिले नाही. त्या पुतण्याकडे वळून म्हणाल्या, ‘तिन्हीसांजेच्या आत खळ्यातला पेंढा पडवीत घे. रात्री दव पडतं आहे.’